लग्नघरचं दळण

राणी : आबा, खरं सांगा. त्या दुकानदाराला तुमीच शिकवून ठिवलंय ना?

आबा : मी? मी इथं शेंगा फोडायलोय.

राणी : मग तो फोनवर हसत का हुता? म्हणं, "टीव्हीवर खेळायचा गेमचा डबा एवढ्यात येत न्हाई, चिप मिळंना."

आबा : साऱ्या जगात मिळंना, बाई.

राणी : माझ्या वाढदिवसालाच?

आबा : मीच निरोप धाडला जगाला. नात अकराची व्हायलीय, चिपा लपवा.

राणी : हसू नका! साऱ्या वर्गाला सांगून बसलीय मी, रविवारी खेळायला या. प्रियांका तर आत्तापासून चपला घालून तयार हाय.

आबा : बरं, सांग. कमलबाईच्या गिरणीत दळणाला नंबर कसा लागतो?

राणी : आधी आला त्याचा डबा आधी.

आबा : आन् लग्नघरची पोती आली तर?

राणी : मग आपला डबा मागं. परवा तसंच झालं, खिचडी खाऊन निजलो.

आबा : तिथंबी तोच दस्तूर. मेमरीची चिप करणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात बोटावर मोजण्याइतक्या. तुझा खेळ नंबरात उभा हुता, तेवढ्यात लग्नघर पोती घेऊन आलं.

राणी : मग चिप ठिवा म्हणावं, बाकीचा डबा द्या.

आबा : तीन पायांच्या बाजेवर निजशील का?

राणी : ...लग्न कुणाचं हाय पण?

आबा : एआयचं. त्याच्या मशिनी इमारतीच्या इमारती भरून. चिपा लय लागत्यात, आन् वऱ्हाड संपंना.

राणी : कोण जातंय मेलं त्या लग्नाला?

आबा : काल 'माझा आवडता पक्षी' कुणी लिहिला?

राणी : मी.

आबा : पक्षी कोणता?

राणी : पेंग्विन.

आबा : आपल्या राणीसावरगावात?

राणी : (हळूच) फोनातल्या एआयनं लिहिला.

आबा : म्हंजे पंगतीला तूच बसलीस, आन् दळण मागं पडलं म्हणून तूच रडायलीस.

राणी : एका निबंधानं काय होतंय?

आबा : एकानं कायबी न्हाई. पण सारं जग लिहून घ्यायलंय.

राणी : आन् तुमी? पांढरा घोडा, फेटा, तलवार, तो फोटो फोनकडनं कुणी करून घेतला? आजी म्हणली, घोडा बरा दिसतोय.

आबा : ते शेजारच्या महारुद्रानं लय आग्रह केला म्हणून.

राणी : दोनदा केला! दुसऱ्यात मिशा वाढवून मागितल्या.

आबा : बरं बाई, बसलो मीबी पंगतीला. जिलबी आवडली.

राणी : मग हे लग्न उरकतं कवा?

आबा : नवे कारखाने बांधायलेत. पण त्याला वर्सं लागत्यात. रविवारपतुर न्हाई व्हायचं.

राणी : आबा...

आबा : हं.

राणी : गेम न्हाई म्हणलं तर येतील का वो ती?

आबा : इचारून बघ की.

राणी : फोनला?

आबा : पोरांना.