तुळसाचं पथ्य

बसा हो सिस्टर, आणि तुमच्या कागदावर माझंच नाव लिहा — विठू — नाय, पेशंट माझी बायको, तुळसा, डायबेटिस तिला, पण पेशंटला काय कळतं? सांभाळणारा मी. गेल्या महिन्यात शिबिर झालं ना, घरच्या घरी मधुमेह कसा सांभाळायचा त्याचं, तिथे पहिल्या रांगेत कोण होतं? मी. अर्धी वही भरली. शहरातले डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवत होते — ब्रोकोली खा, ओट्स खा, रोज सपाट रस्त्यावर पाऊण तास चाला. सपाट! आमच्या वाडीत सपाट रस्ता दाखवा मला, घरातून पाय टाकला की एक तर चढ, नायतर उतार. आणि ब्रोकोली मागितली तर बाजारातली बाई म्हणते, काका, हा कुठला मासा?

तरी मी हयगय केली नाय. अठ्ठावीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढली, शिस्त मला शिकवू नका. भात बंद, आंबोळी बंद, साखर नि गूळ कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कंबरेला. पडवीत तक्ता लावलाय, तो बघा — सहाला उठणे, सातला चालणे, साडेसातला इन्सुलिन. सुई मीच टोचायचो. हात कापत नाय हो माझा.

काय? मागल्या आठवड्यातल्या मंगळवारचं विचारायला आलात? सखूनं सांगितलं असणार, शेजारीण आमची, डायबेटिस तिलापण, पण दुसरं काम काय तिला? मी सांगतो खरं काय ते. सकाळी तुळसाची साखर आली दोनशे चाळीस. म्हटलं, चोरून खाल्लंस. म्हणते, "देवाशप्पत काय खाल्लं नाय हो." म्हटलं, मग मशीन खोटं बोलतं? इन्सुलिन दिलं आणि न्याहारी बंद — शिक्षा नव्हे हो, शिक्षण! तर दहाच्या सुमारास ती दारापुढच्या खळ्यात बसली ती बसलीच — घामाने भिजलेली, हात लटलटतायत, आणि मला म्हणते, "विनीत, कधी आलास रे?" विनीत आमचा मुलगा, तो मुंबईला! मी घाबरलो? छे. मी आत जाऊन वही काढली. पान उलटतोय, उलटतोय — घाम सुटला तर काय करायचं ते कुठेच नाय. असेल कसं? शिबिरात मधे चहा झाला, तेव्हा मी घरी निघून आलो होतो — म्हटलं कळलं सगळं, आता उरलंय काय?

तेवढ्यात सखू मधला दगडी गडगा ओलांडून आली, ओरडायलाच लागली, "भावजी, साखर आणा!" म्हटलं, डायबेटिसवालीला साखर? मारायचीय काय तिला? "अहो, साखर उतरलेय तिची, शुद्धीत आहे तोवर पाजूया!" मग मी कुलपाशी गेलो, तर किल्ली भोकात जाईना — हो, कापले हात, तेव्हा कापले, लिहू नका ते. सखू थांबली नाय. स्वतःच्या घरातून साखरपाणी आणलं, घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी तुळसानं मान वर केली. म्हणाली, "सखू, मला भूक लागलेय." सखूला म्हणाली हो. मी समोर उभा होतो, वही घेऊन.

तेव्हापासून ती सखूकडेच आहे. बारा दिवस झाले. भात खाते तिथे — थोडाच, पण खाते, वर डाळ, पालेभाजी, मासा — आणि साखर म्हणे दीडशेच्या आत! सखूचं मशीन बिघडलं असेल, दुसरं काय? मी बोलवायला गेलो नाय. गेलो होतो, गडग्यापर्यंत. दोघी हसत होत्या. परत आलो.

मी यायचं? तुमच्याबरोबर, सखूच्या ओटीवर, शिकायला? सिस्टर, मला सगळं पाठ आहे. विचारा काय ते — सुई दिल्यावर पहिलं काय करायचं? ... थांबा, आठवतं मला ... तुम्हीच सांगा बघू.

जेवायला वाढायचं?

एवढंच?

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली सिस्टर, तिला मी कधी ताट वाढलं नाय. तिची ताटली कुठली, तेसुद्धा... निघा तुम्ही आता. ऊन वाढतंय.