इंजिन धरलेलं नाही

त्या सकाळी बाबा चहा घेताना बोटींच्या किमती मोठ्याने वाचून दाखवत होते आणि मी वर न बघता ‘हं, हं’ करत होते. दुसऱ्या दिवशी ते गेले. महिन्याने, त्यांनी त्याच दिवशी केलेलं बोटीचं बुकिंग रद्द करायला मी बोटींच्या दुकानात रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी होती.

“ही फायबरची बघ, निम्म्या किमतीत!”

“बाबा, त्यात इंजिन धरलेलं नाही.”

“इंजिनाशिवाय मोटरबोट? मग मोटर कशाला म्हणायचं?”

“ते वेगळं घ्यायचं. ॲल्युमिनियमच्या बोटीत धरलंय, पण तिची गॅरंटी वर्षाचीच.”

“माझी तरी कुठे जास्त आहे!”

“काहीतरीच काय बोलता! ती तिसरी घ्या. मजबूत आहे, इंजिनासकट आहे आणि स्वस्तही.”

“तिला सीट एकच आहे गं.”

“एकट्या माणसाला किती लागतात?”

“तू नाही येणार?”

“मला वेळ कुठे असतो, बाबा?”

“हो, तेही खरंच. मग हीच बरी.”

“मी येते, बाबा,” मागून मी मोठ्याने म्हणाले. “मला वेळ आहे.”