शनवारचं तेल

जोतीराम : पुन्यांदा सांग. मागचं चाक फिरतंय का न्हाई?

राही : मोकळं असलं की फिरतंय. तुमी सांगिटलं तसं गेर टाकला की थटतंय. काय केल्या हलत न्हाई.

जोतीराम : मंग इंजान जाम झालंय. चार वर्सं गोठ्यात पडून... आन् दिसाय कशी हाय आता?

राही : वर पाचट. कोंबड्यांची घान. हांडलावर चिमनीचं घरटं हाय, पन रिकामं हाय. टाकीवर आंगठ्यायवढा हिरवा रंग ऱ्हायलाय, बाकी सगळी गंजून विटकरी झालीया.

जोतीराम : हिरवा ऱ्हायलाय व्हय? मिरजेचा डाक्टरसायेब विलायतेला जाताना मला दिऊन गेला, तवा पाचूवानी हुती. तिची डायवरी मीच करायचो. डांबरी सडक तिला कवा मानवली न्हाई बग. चिखल, बांद, झरीचा डोंगूर, असलं काय आलं की खूश.

साळूबाई : जळ्ळी ती फटफटी! सोमवारी ह्येला डेहराडूनची गाडी गाठायची हाय. अजून वळकटी बांदली न्हाई, दशम्या करायच्या हायत, आन् बायकू बसलीया इंजानात हात घालून!

जोतीराम : आये, जायच्या आदी एकदा तिचा आवाज ऐकायचाय मला. यवढंच.

साळूबाई : मंग तू लाव की हात. तुजी हाय न्हवं? घरी आल्यापास्नं बगतीया, त्या दगडावर बसून नुसत्या आर्डरी सोडतुयास.

जोतीराम : मी न्हाई लावनार हात.

राही : आसू द्या आत्याबाई. त्येंनी सांगू द्या, मी करती.

साळूबाई : तू मर मर राबतीयास, आन् उद्या ही फटफटी फिरवनार दुसराच कुनी. आंदळं दळतंय आन्... जळ्ळं माजं त्वांड!

जोतीराम : बोल की आये. म्हनीला काय ठावं, घरात कोन हाय ते. हां, तर आता वरनं पांढरं बोंडूक दिसतंय का, चिनीमातीचं? त्येला पलग म्हनत्यात. त्येच्यावर पाना लावून पीळ.

राही : कुन्या बाजूला?

जोतीराम : घड्याळाच्या उलटं.

राही : घड्याळ कुनी बगितलंय?

जोतीराम : मारुतीला प्रदक्षिना घालतीस का? त्येच्या उलटं.

राही : देवाच्या उलटं फिरवायचं व्हय? बरं. तुमी म्हनतायसा म्हनून. सुटना झालंय. चिकटलंय... आँ, हां, आलं, आलं!

जोतीराम : भोकात काडी घालून बग. काय लागतंय?

राही : काकवीगत काय तरी. तांबूस. ताराच सुटत्यात.

जोतीराम : आन हिकडं. नाकाजवळ धर... आर तिच्या! करडीचं त्याल! इंजानात करडीचं त्याल! कुनी वतलं हे? बैलगाडीचा आस हाय का हा? आत सुकून डिंक झालाय नुसता. चांगली पोलादासारखी फटफटी मारून टाकली. कोन हुतं ते? सांगा की!

साळूबाई : मी हुते. मी वतलं. काय करनार हायस? फाशी दितोस?

जोतीराम : तू? कुठनं वतलं?

साळूबाई : कुठनं म्हंजी... फुडनं. त्या दिव्यातनं.

जोतीराम : आये, दिव्यातनं त्याल इंजानात जात न्हाई.

साळूबाई : मंग मागनं वतलं आसंल. म्हातारीला काय ध्यान ऱ्हातंय?

राही : आत्याबाई, आसू द्या. मी वतलं.

जोतीराम : तू?

राही : दर शनवारी. मारुतीला घालून वाटीत ऱ्हायल्यालं असायचं, ते हितं आनून वतायची. मघाशी बाजू उगंच इचारली, मला ठावं हुती.

जोतीराम : अगं पन कशापायी? तुला ह्या भोकाचं सांगिटलं कुनी?

राही : तुमीच. लडाईवर जायच्या दिशी सकाळी तुमी गोठ्यात आला. हे बोंडूक काडलं, बुदलीतनं दोन थेंब सोडलं, परत हातानं बसवलं. मी दाराआड हुती. तुमी टाकीवर हात ठिवून म्हनला, "आता माजी वाट बग." मला काय न्हाई म्हनला. फटफटीला म्हनला.

साळूबाई : घे, ऐक आता.

राही : मला वाटलं, तिला तसंच ठिवलं तर ती मरंल. आन् ती मेली तर... एक शनवार चुकवला न्हाई मी. कागुद यायचा बंद झाला तवाबी न्हाई. तवा तर वाटीभर वतलं. मला काय ठावं त्याल सुकतं म्हून? आमाला मारुतीचं ठावं, त्यो किती बी पितो.

जोतीराम : वाटीभर.

राही : हसताय का रडताय?

साळूबाई : हसतुया ग. परत आल्यापास्नं पयल्यांदा हसतुया.

जोतीराम : इटलीत इस्पितळात पडलो हुतो, डोळ्याला पट्ट्या. वाटायचं, घरी आये सोडली तर कुनाला सुद्द बी नसंल माजी. आठ दिसांची बायकू. तिला काय पडलंय? आन् हितं तू ह्या सायबाच्या फटफटीला मारुती करून ठिवलास व्हय!

राही : बिगाडलं मी. माज्या हातानं बिगाडलं.

जोतीराम : हात दे तुजा. मला तिच्याजवळ ने... हां. ही टाकी. हे हांडल. तितं पलटनीच्या फटफटीची अशीच मूठ धरली हुती बग मी, त्या दिशी. डाक घिऊन निगालो हुतो. सुरुंग उडाला तवा बी सोडली न्हवती.

राही : लावलासा की हात.

जोतीराम : लावला. तू वरनं दाबून धर. आन् आये, घरातलं राकेल आन.

साळूबाई : दिव्याचं? रेसनचं राकेल फटफटीच्या नरड्यात?

राही : चार दिस उजेड हाय तवर जेवू, आत्याबाई.

जोतीराम : पलगच्या भोकातनं सोडायचं आन् मुरू द्यायचं. डिंक सुटंल. आन् हे बग, मापात वत बरं का. मारुतीला सांगून ठिव, ह्यो परसाद त्येचा न्हाई.

*

साळूबाई : आज शनवार हाय. फटफटीला त्याल घातलं का ग राहे?

राही : लाजवू नगा, आत्याबाई. आज ह्येंच्या हुकमानं दुसरंच काम हाय. म्हशीच्या शेपटीचा केस उपटून आना म्हनत्यात.

साळूबाई : कशाला? दिष्ट काडायला?

जोतीराम : पेट्रोल जातंय ते भोक बारीक हाय, आये. त्येच्यात सुई घातली की भोक मोठं हुतं. केस घालून साफ करायचं. आमच्या कंपनीचा फिटर असंच करायचा. खेचराचा केस घ्यायचा त्यो.

साळूबाई : बरं झालं, म्हस हाय म्हनून. न्हाई तर माजाच केस उपटला असता दोगांनी. आन्ते. तवर भांडू नगासा.

राही : गेल्या. आता सांगा.

जोतीराम : काय सांगू?

राही : काल झोपंत गालात हसत हुता. काय बगत हुता?

जोतीराम : सपनात मी आंदळा नसतो ग.

राही : मंग?

जोतीराम : हीच फटफटी असती. कुंडलची वेस वलांडली की उसातली वाट. ऊस तुऱ्याला आल्याला, दोन्ही बाजूनी वाकल्याला. वाटंवर पाटाचं पानी, पन चाक भिजत न्हाई. इंजानाचा आवाज बी नसतो. नुसतीच चालतीया, चालतीया, आन् कुठनं तरी गुऱ्हाळाचा वास. मागं कुनी तरी बसल्यालं असतं.

राही : कोन?

जोतीराम : पदर दिसतो, वाऱ्यावर. वळून बगितलं की त्वांड न्हाई दिसत. लगनात तू मुंडावळ्यांच्या आड. मंग आठ दिस, ते बी मान खाली घालून. मी बगितलंच न्हाई तुला नीट. आता तर...

राही : आता मी सांगीन तीच खरी. नाक चाफेकळी, रंग केतकीचा, आन् डोळं हरनीचं.

जोतीराम : खरं?

राही : खोटं. नाक नकटं हाय आन् कपाळावर देवीचा वन हाय. हात लावून बगा... लागला?

जोतीराम : लागला. तांदळायवढा हाय.

राही : जाऊ नगा.

जोतीराम : काय?

राही : डेहराडूनला. जाऊ नगा. मी कवाची म्हनायचं म्हनतीया, आज म्हनती. चार वर्सं तुमची वाट बगितली. आता दोन वर्सं तितं शाळा, मंग तितंच नोकरी, आन् मी हितं काय करू? परत कशात त्याल वतू?

जोतीराम : आन् हितं मी काय करू? मोट हाकू? पान्याची पाळी धरू? घरात खांबागत हुबा ऱ्हायाचं आन् तुमी मला चुकवून जायाचं. आंदळ्या शिपायांना तितं खुर्च्या विनाय शिकवत्यात. निदान दोन हात कामाला लागत्याल.

राही : खुर्च्यांवर कोन बसतंय आपल्यात? ... ऐकताय का?

जोतीराम : थांब. गप ऱ्हा जरा.

राही : रागावला?

जोतीराम : न्हाई ग. तात्याबाच्या हिरीवरचं इंजान ऐक. भक, भक, भक... आन् मंग एक भक कमी. ऐकलं? पट्टा सरकतोय त्येचा. दुपारपतूर तुटंल बग.

राही : मला तर रोजच्यागतच ऐकू येतंय.

साळूबाई : ह्ये घ्या केस. लाथ मारली म्हशीनं. काय ऐकत बसलायसा?

राही : आत्याबाई, तात्याबा मामाच्या रानात जाऊन सांगा, इंजान थांबवून पट्टा बगा म्हनावं.

साळूबाई : कोन सांगतंय म्हनून सांगू?

राही : ह्येंनी सांगिटलंय म्हनून सांगा. नाव घ्या त्येंचं, तुमाला चालतंय.

*

राही : राकेलानं इंजान तर सुटलं. पलग इंजानाला टेकवून धरलाय. मारा लाथ.

जोतीराम : मारतो. नदर हलवू नको... ही! ठिनगी दिसली?

राही : दिसली! निळी, काजव्यायवढी! अगं आये गं!

जोतीराम : काय झालं?

राही : चावली मला. दंडापतूर झिनझिनलं.

जोतीराम : मंग लय झ्याक हाय. जिती हाय ती. बसव पलग. प्रदक्षिनेच्याच बाजूनी आता, देव कोपायचा न्हाई. पेट्रोल?

राही : सर्व्हिस मोटारीच्या बशीर डायवरनं दिल्यालं. बाटलीभर हाय, सगळं वतलं.

साळूबाई : पैलवानागत कासोटा मारून हुबी हाय बग सून माजी. गाव बगतंय तिकडं कुंपनावरनं. तात्याबा बी आलाय, त्येच्या इंजानाचा पट्टा घिऊन. काल खरंच आर्धा उसवल्याला घावला म्हनं. इचारतोय, जोतीराम हाय का घरात. मी म्हनलं, आज हाय, उद्या न्हाई.

जोतीराम : बसू दे त्याला जरा. लाथ तू मारनार का मी?

राही : तुमी मघापास्नं मारून दमलासा. मी मारती. तुमी मूठ धरा.

जोतीराम : सगळं आंग टाक. पाय लगीच काडून घे, न्हाई तर उलटा दनका दिल ती. मार!

राही : न्हाई.

जोतीराम : मार!

राही : न्हाई. नुसती खोकली.

जोतीराम : खोकली का? खोकली म्हंजी जागी झाली. जरा दम घे... आता मार, राहे!

(गोठ्यात फटफटीचा आवाज भरून राहतो. दावणीची म्हैस दावं ताणते. कुंपणापलीकडं पोरं ओरडतात. बऱ्याच वेळानं जोतीराम मूठ सैल सोडतो आणि इंजिन बंद पडतं.)

साळूबाई : बया! कान बसलं माजं. केवडा धूर ह्यो!

राही : करडीचा वास येतोय धुराला. भजी तळल्यागत.

जोतीराम : येनारच की. वाटीभर हुतं.

राही : ऐकलासा आवाज? झालं तुमच्या मनासारखं?

जोतीराम : ऐकला.

साळूबाई : झालं मंग एकदाचं. चल राहे, हात धू. दशम्याचं पीठ मळायचं हाय. तात्याबा सकाळी छकडा जुपतो म्हनलाय टेसनापतूर.

जोतीराम : आये, थांब. आत कायतरी टकटकतंय.

साळूबाई : मला न्हाई बाबा ऐकू आलं काय.

राही : मला बी न्हाई.

जोतीराम : मला आलं. वरच्या अंगाला एक झडप सैल हाय. अशी चालवली तर झरीच्या चडावर बंद पडंल. पुन्यांदा सगळं खोलाय पायजे.

साळूबाई : आरं पन चार वर्सं बंद पडल्याली आज चालू झाली, आन् परत खोलतोस? कवा?

जोतीराम : उद्या.

राही : उद्या सोमवार हाय.

जोतीराम : व्हय, ठावं हाय. उजाडल्यावर सुरू करू. मला काय कवाबी चालंल, उजेड तुला लागतोय.