बारा खोल्यांचा बंगला आन बिरोबाचं बकरं

...न्हाय न्हाय, तुमी मला आधी हे सांगा, पोटात सुरी घुसलेला मानूस डायरी लिवतो व्हय? आतडी मांडीवर आलीयात, भिताडावर रगताच्या चिळकांड्या उडाल्यात, मागं दार करकरतंय, आन हा बंगल्याचा कारकून खुर्चीत बसून सावकाश लिवतोय, 'माझ्या मागं कुनीतरी उभं हाय, त्याची पावलं मला वळखू येत्यात, त्याचं नाव...' आन नावाच्या जाग्याला रगताचा डाग! आरं, नाव पयलं लिव की गाढवा! साध्या अर्जात सुदिक नाव पयलं असतं! पाच म्हयनं, तुमाला सांगतो, पुरं पाच म्हयनं मी त्या बंगल्यात कुऱ्हाड घेऊन फिरलो, दोनशे बारा मडी छाटली, काही मडी तर दोन-दोनदा, कारन ती परत उठायची... पन मालकाला मारलं कुनी?

दचकू नका, कॉम्प्युटरवरच्या गेमचं सांगतोय. मी जोतीराम, बारामतीला एसटी स्टँडच्या मागं टायपिंग शिकवतो. अठ्ठ्यान्नव सालात आमच्या क्लासच्या मालकांनी एक कॉम्प्युटर आनला. त्याला झालरीचं कव्हर, त्याच्या खोलीत चपला घालून जायाचं न्हाय, रोज सकाळी उदबत्ती! आन दुपारी एक ते तीन क्लास बंद असला की त्याच उदबत्तीच्या वासात मी आत बसून मुंडकी उडवायचो.

का म्हनून काय इचारता? हौस न्हवती मला! आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरंच्या काठाला. आजा मेंढरांमागं हिंडला, आबा निम्मं आयुष्य हिंडलं, आता ऊस हाय, वांगी-टमाटी हाय. पन चैत्रात बिरोबाची जत्रा आली की देवाचं बकरं घरच्यानंच कापायचं, भायेरच्याच्या हातात सुरा द्यायचा न्हाय, ही आमच्या घरची रीत. आबांनी चाळीस वरसं कापलं. एक झटका, दुसरा न्हाय! आता आबांचा उजवा हात थरथरायला लागला, तवा दिवाळीत त्यांनी सगळ्यांम्होरं सांगितलं, "जोत्या, औंदा सुरा तुज्या हातात. जमनार नसंल तर आत्ताच बोल, सोपानला देतो." सोपान म्हंजी माझा चुलतभाऊ. सुरा ज्याच्या हातात, पालखीला पयला खांदा त्याचा, पंगतीत पयलं ताट त्याचं. सुरा गेला की माझं थोरलेपन गेलं, समजलं?

आन माझी अडचन काय? मला रगात बघवत न्हाय! चौदाव्या वरसी जत्रंत बकऱ्याची मान उडाली आन मी धाडकन आडवा. शुद्धीवर आलो तवा बकरं शिजून पंगत बसली व्हती. सोपान अजून लग्नाकार्यात मला बघितलं की डोळं पांढरं करून जीभ भायेर काढून दावतो. लाज वाटती हो... चार पोरांचा मास्तर मी.

तर माझा मेव्हना नागेश, वालचंदनगरला कंपनीत हाय, सगळ्यातलं सगळं कळतं त्याला, तो म्हनला, "दाजी, तुमच्या भीतीवर औषीद हाय आपल्याकडं!" आन पिशवीतनं एक सीडी काढली. पुन्यासनं आनलेली. कव्हराची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, गेमचं नाव काय ते देवालाच ठावं. "दाजी, ह्यात रगात बघा, नुसतं रगात! पाट सुटत्यात! म्हयनाभर खेळा, बकऱ्याचं काय घेऊन बसलाय, रेडा कापाल रेडा!"

झालं! सुरू केला गेम. तळ्याकाठी बारा खोल्यांचा बंगला. मालक मुदपाकखान्यात तुळईला उलटा टांगलेला, गळा चिरलेला, खाली थारोळं. त्याची पुतनी येती, तीच आपन. बंगल्यात मोजून तीन मानसं: डॉक्टर, वकील आन आचारी. बाकी फिरत्यात ती मडी. आपन शोधायचं, मारलं कुनी?

पयल्या दिवशी टांगलेला मालक बघितला आन मी की-बोर्डवर कपाळ टेकलं, ते तीनला पोरी टायपिंगला आल्या तवाच उचललं. दुसऱ्या दिवशी डोळं मिटून कुऱ्हाड चालवली. चवथ्या दिवशी एक डोळा उघडला. आन पंधरा दिवसांनी, खोटं न्हाय सांगत, एका हातानं मड्याचं टाळकं फोडत व्हतो आन दुसऱ्या हातानं शेंगदाणं खात व्हतो! मला वाटलं, जमलं! आपून आता खाटीक झालो!

पन मंग मला ह्या गेमवाल्यांचा राग यायला लागला. कसला बंगला बांधलाय! संडासाच्या दाराला कुलूप, त्याची किल्ली पियानोत, पियानो उघडायला घोड्याचा पितळी पाय पायजे, आन घोड्याचा पाय कुठं, तर एका मड्याच्या नरड्यात! फाड नरडं! आता मला सांगा, घाईची लागली तर त्या घरातली मानसं काय करत असतील? पुतनी तर अशी... सगळीकडं मडी पडलीत, हिच्या गुडघ्यापतूर रगात, आन दरवेळी दारात उभी ऱ्हाऊन बारीक आवाजात इचारती, "हूऽऽ इज देअर?" आगं बाई, तुझ्याशिवाय जित्तं हाय कोन तितं? आन गेम जपून ठेवायचा तर फकस्त जिन्याखालच्या घड्याळापाशी! अकरा मडी छाटून, पाय वढत, रगताच्या शेवटच्या थेंबावर मी घड्याळापाशी पोचतो, हात लावनार, तेवढ्यात लाईट जाती! सगळी मडी परत जित्ती! आन तितं अंधारात बसल्या बसल्या डोस्क्यात एकच... मारलं कुनी?

एक गोष्ट मातर खरी, ती मी मानतो. नुसत्या गोळ्या घालायच्या गेमात दम न्हाय. धाड धाड, मेला, धाड धाड, मेला, त्याला काय अर्थ? मेलेला कोन, त्याच्या ताटात काल काय व्हतं, त्याच्यावर कुनाचा डूख, हे कळलं की मंग रगात रगतावानी दिसतं. आन भीती रगतात नसतीच मुळी. दार उघडायच्या आधी जो आवाज येतो ना... कर्रर्र... त्याच्यात असती. दार उघडलं, मडं दिसलं, कुऱ्हाड घातली, संपली भीती. हे मला लई उशिरा कळलं, आन कळायचं तितं कळलं न्हाय, ते म्होरं सांगतो.

आता सगळ्या चिठ्ठ्या-डायऱ्या इंग्रजीत. मी इंग्रजी चाळीसच्या स्पीडनं टाईप करतो, पन अर्थ? टायपिंगच्या परीक्षेला अर्थ कुनी इचारत न्हाय! मंग काय केलं, स्क्रीनवरची यकयक डायरी बघून मशिनीवर टाईप केली, खाली कार्बन घालून, सवयच हाय ती, आन घरी डिक्शनरी घेऊन बसलो. बायको दिपाली, लई शांत, बोलायला पैसं पडल्यावानी. एकदा क्लासात डबा घेऊन आली तर स्क्रीनवर मी एका मड्याचा हात करवतीनं कापत व्हतो, हाड दिसत व्हतं. मी म्हनलं किंचाळंल. तिनं बघितलं, डबा उघडला, म्हनली, "अवो, कांदा चिरू का?"

डायऱ्या वाचून माझं मत पक्कं झालं, वकीलच! मृत्युपत्र त्यानंच लिवलेलं, काळा कोट, नजर खाली. तळघरात गाठला आन खांद्यापासनं कमरेपतूर उभा चिरला. तर स्क्रीनवर अक्षरं, 'तू निर्दोष मानूस मारलास', आन गेम पयल्यापासनं! दोन म्हयनं पान्यात! मंग डॉक्टर. त्याला घड्याळाच्या लोलकानं ठेचला. परत 'निर्दोष'! मी म्हनलं, निर्दोष तर निर्दोष, तरी बी एक जादा कुऱ्हाड घातली त्याला, राग असतो मानसाला. ऱ्हायला आचारी, पन त्या गरिबावर कोन संशय घेईल? मंग मारलं कुनी?

त्यात आबा आलं हाताचं दाखवायला बारामतीला. दवाखान्यात गर्दी, म्हनलं बसा जरा क्लासात. नेमका म्होरं टांगलेला मालक. आबांनी चष्मा पुसला, म्होरं वाकलं, आन बकऱ्याच्या बाजारात बघत्यात तसं वरनं खालपतूर बघितलं.

"जोत्या, हे टांगलंय कुनी?"

"तेच तर हुडकतोय आबा, पाच म्हयनं झालं..."

"पाच म्हयनं? आरं, दावं बघ की! घोट्याच्या शिरंमागं भोक पाडून दावं घातलंय, सोलायला टांगत्यात तसं. वकिलाला येतंय व्हय हे? आन गळा बघ. कानाखालनं, एका झटक्यात, कुठं खरचटल्यालं न्हाय. हे रोज चिरनाऱ्याचं काम हाय. सैपाक कोन करतं हितं?"

"आचारी हाय आबा, पन तो बिचारा काय बोलतच न्हाय, नुसता पातेलं ढवळत..."

"मंग तोच," आबा म्हनलं आन चष्मा खिशात घातला. "रगताची सवय पायजे, जोत्या. नुसतं सांडून न्हाय भागत, वाचाया यावं लागतं."

पाच म्हयनं इकडं, आन पाच मिंटं तिकडं! मी ऐकलं का? न्हाय! शिकलेला मानूस मी. अजून चौदा दिवस बंगला उकरला, आन शेवटी चुलीच्या राखंत आचाऱ्याची डायरी घावली. तीन वाजता मशिनीवर टाईप केली, घरी जाऊन डिक्शनरी घेतली. शेवटच्या पानावर एवढंच, 'तीस वरसं ह्याला करून घातलं. तीस वरसं मीठ कमी, तिखट जास्त. एकदा बी चांगलं झालंय म्हनला न्हाय.' अंगावर काटा आला, खरं सांगतो. आन त्याच टायमाला म्हनलं, आता आपली भीती मोडली, चला जत्रंला!

ते पान खिशात घालूनच गेलो. बिरोबाच्या म्होरं भंडारा उधळलेला, ढोल चाललेलं, सगळी भावकी गोल उभी. आबांनी माझ्या हातात सुरा दिला. सोपान शेजारी, डोळं पांढरं करायच्या तयारीत. बकरं म्होरं. हे बकरं दिवाळीला एवढंसं आनलेलं, दिपालीनं बारामतीत दारात बांधून, रोज शेवरीचा पाला घालून वाढवलेलं. मी सुरा उचलला. अंगठा आपोआप मुठीवर दाबला, स्पेसबार दाबल्यावानी. काय बी हुईना! परत दाबला! दोनशे बारा मडी छाटलेला मानूस मी, आन म्होरचं बकरं माझ्याकडं बघत जवळ आलं, खिशातनं आचाऱ्याच्या डायरीचं पान वढलं आन चावून खाल्लं! गरम श्वास हो त्याचा... पोटाला लागला माझ्या. स्क्रीनवरल्या एका बी मड्यानं कधी श्वास सोडला न्हवता. दार न्हाय, करकर न्हाय, नुसतं एक बकरं कागद चावतंय, आन मला एवढी भीती आयुष्यात वाटली न्हाय.

"दे हिकडं दादा," सोपाननं हात म्होरं केला. आबांनी मान खाली घातली. संपलं, म्हनलं, गेलं थोरलेपन.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातनं दिपाली आली. पदर खोचला. माझ्या हातातनं सुरा घेतला, जसा पोराच्या हातनं घ्यावा तसा.

"मामंजी, घरच्यानंच कापायचं ना? मंग मी घरची न्हाय व्हय?" ढोल थांबला. "सोपानभावजींच्या हाती न्हाय द्यायची मी. तीन-चार घाव घालत्याल. ह्याला मी पाला घातलाय, ह्याचं हाल न्हाय हू द्यायची."

आबांनी वाकून त्या थरथरत्या हातानं बकऱ्याचं पाय धरलं. दिपालीनं कपाळाला हळद लावली, कानात काय तरी बोलली, आन... खच्च! एक झटका, दुसरा न्हाय. रगताची चिळकांडी थेट सोपानच्या पांढऱ्या सदऱ्यावर. आन तुमाला सांगतो, डोळं पांढरं झालं सोपानचं, खरंखुरं! धाडकन पडला! मी न्हाय पडलो. मी फकस्त बसलो, मधी वाळूत, बराच येळ.

ती सरळ चुलीपाशी गेली. मसाला वाटताना तिचं डोळं भरून व्हात व्हतं. मी म्हनलं, "रडतीस?" म्हनली, "कांदा हाय." कांदा अजून टोपलीतच व्हता, चिरलेला बी न्हवता. मला लई वाईट वाटलं, आन खरं सांगू, सुटल्यावानी बी वाटलं.

पंगत बसली. पयलं ताट कुनाचं, म्हनून सगळी आबांकडं बघायला लागली. माढ्याचं पावनं उशिरा आलेलं, त्यांना काय ठावं न्हाय, त्यांनी मोठ्यानं इचारलं, "का हो आबा, औंदा बकरं मारलं कुनी?"

पाच म्हयनं जो प्रश्न मी इचारत व्हतो...

आबांनी पयलं ताट उचललं, चुलीपाशी नेऊन ठेवलं आन म्हनलं, "आचाऱ्यानं."

दिपाली रश्शाचं भगुनं आन पळी घेऊन पंगतीतनं निघाली. माझ्या ताटापाशी थांबली. रस्सा वाढला. आन सगळ्यांम्होरं, शांतपने, पळी हातात तशीच धरून इचारलं, "कसं झालंय?"

बोटं अजून ताटाला लागायची व्हती, घास तोंडात जायाचा व्हता, पन तुमाला सांगतो... तवापासनं आजपतूर दोन्ही वक्ताला, मीठ असू दे नसू दे, आपलं उत्तर ठरलेलं हाय. "चांगलं झालंय!"