रविवारी कमी, बुधवारी जास्त

—नाही नाही मिस्त्री, डिझेलचा पंप खोलायचं नावच काढू नका, पंप ठणठणीत आहे. मी सांगतो तेवढंच करा. गाडी नुसती उभी असताना इंजिन ज्या रेसवर चालतं ना, ती कमी करून नट पक्का आवळायचा. हा स्क्रू, हा त्याचा नट – जुनं डिझेल इंजिन आहे, मला सगळं कळतं हो! दर रविवारी सकाळी मी स्वतः कमी करतो. आणि बुधवारी संध्याकाळी बघावं तर परत वाढलेली! का? मीच सांगतो – थरथरीनं नट ढिला होतो. आता एवढी कमी केल्यावर थरथरणारच, पण डिझेल वाचतं. बंद पडते? माझ्या हातात कधी पडली नाही. ही चालवते तेव्हा चौकात पडते, तो काय गाडीचा दोष? ही म्हणजे आमची बायको – लायसन्स काढलंय तिनं, या वयात! शाळेत नोकरी धरलीय, गाडीनं जाते. मी विरोध केला? विचारा कुणालाही. उलट म्हटलं, घे, चालव, झेपलं तर. मी बापडा कशाला वाईट होऊ? चौकात दोनदा बंद पडली, मागून चार हॉर्न वाजले की बाईमाणूस आपोआप किल्ली खुंटीला अडकवतं – म्हणजे – असा आपला अंदाज हो, तिच्याच काळजीपोटी. दुपारचा चहा मला करून घ्यावा लागतो, माहितीये? साखरेचा डबा कुठे असतो, देव जाणे.

पण ती घाबरेचना! रेस परत वर – तुम्ही हसताय का?

थांबा. बुधवारी ती इथे येते? हवा भरायला ना? …रेस स्वतः वाढवते? नट सैल करून? तुम्ही शिकवलंत? आणि इंजिन गरम झाल्यावरच लावायची, हेही? मी तर गार इंजिनावरच – असो. म्हणजे तिला ठाऊक आहे, कोण कमी करतं ते. आणि घरी चकार शब्द नाही! रोज समोर बसून जेवते हो. गाडी कशी चालली विचारलं की म्हणते, “छान.” आणि मला वाढते. अहो, भांडली असती तर बरं वाटलं असतं.

नको, स्क्रूला हात लावू नका. आहे तशी राहू दे. पण मग रविवारी सकाळी मी काय करू, तेवढं सांगा… नको, सांगू नका. लावा बॉनेट.