आज बसेल तेच

खेळाच्या सामानाच्या दुकानात शिक्षिकाबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे एक आजोबा आणि त्यांची सात-आठ वर्षांची नात सायकलसाठी हेल्मेट घेत होते. बाईंना मुद्दाम ऐकायचं नव्हतं, पण शब्द कानावर पडत होते.

"वाढत्या अंगाचं देऊ का, आजोबा? दोन वर्षं चालेल."

"नको. आज बसेल तेच द्या."

"बरं. बघ बाळ, भुवयांच्या वर दोन बोटं. आता मान हलव."

"हे हलतच नाही, काका."

"हलायला नकोच. पट्ट्याखाली एक बोट जातंय, बास."

"आजोबा, दादाचं डोळ्यांवर यायचं ना?"

"हो गं."

"ते कुणी आणलं होतं?"

"मीच. म्हटलं, पोरगं भराभर वाढतंय, पुढच्या वर्षीही होईल."

"आई म्हणते, नीट बसलं असतं तर दादा वाचला असता."

"तिचं बरोबर आहे, बाळा."

दुकानदाराचा हात पट्ट्यावरच थांबला. बाईंनी हातातली यादी उगाच पुन्हा वाचायला घेतली.

"मग हे लहान झालं की?"

"नवं घेऊ."

"तेही लहान झालं की?"

"परत नवं घेऊ. तू फक्त वाढत राहा."