चाळीस पानांवरचं मत

आमच्या पुस्तकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्वतःला फार मोठा वाचक समजायचो. तो माज कोळवणच्या एका बांधावर कसा उतरला, ते ऐका.

एका म्हाताऱ्या गुराख्यावरच्या कादंबरीबद्दल मी ठोकून दिलं होतं, "रटाळ आहे, कुणी वाचू नका." लगेच ग्रुपमधल्या कोळवणच्या सुरेखाताईंचा व्हॉइस मेसेज आला, "दादा, आमाला तर लई आवडली."

मी चिडून विचारलं, "आम्हाला म्हणजे कुणाला?"

"या की हिकडं, दावते."

रविवारी बावधनहून गाडी काढली आणि गेलो. खाचरात नऊ बायका वाकून भात लावत होत्या, आणि सुरेखाताई बांधावर छत्रीखाली बसून खणखणीत आवाजात पुस्तक वाचत होत्या!

मी विचारलं, "मग तुमच्या वाटणीची लावणी?"

"ती आमी करतो," चिखलातून एकजण म्हणाली. "तिनं निस्तं वाचायचं. तुमची ती रटाळ कादंबरी आमाला चार खाचरं पुरली."

चार खाचरं! एवढं वाकून ऐकलेलं पुस्तक मी सोफ्यावर लोळत टाकून दिलं होतं.

एक वयस्कर मावशी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "तुमी कुटवर वाचली व्हती?"

"चाळीस पानं," मी हळूच म्हणालो.

सगळ्यांचे हात थांबले. कुणीही हसलं नाही. मावशी बाकीच्यांकडं वळून म्हणाली, "बायांनो, ह्यांचा गुराखी अजून जित्ता हाय गं!"